नानांचं सोवळं आणि लक्ष्मीबाईंचं सांत्वन

एप्रिल 2021मध्ये आमच्या घरात दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात होत्या. कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडत होती, किराण्याच्या पुड्या गॅलरीत दोन-दोन दिवस उन्हात पडून होत्या, आणि दाराची कडी दिवसातून किती वेळा पुसायची यावरून माझं आणि आईचं रोज भांडण होत होतं. इतकं धुऊनही आजार घरात आला. पप्पा महिनाअखेरीला गेले. त्यांना शेवटचं पाहिलं ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. कबरस्तानात आम्ही दोघंच होतो, मी आणि धाकटा भाऊ, आणि माती टाकायलाही आम्हाला लांब उभं केलं होतं. आई घरीच होती. तिचीही तपासणी पॉझिटिव्ह आली होती.

नाशिकमधला तो एप्रिल कसा होता हे इथल्या माणसांना सांगायला नको. 21 तारखेला महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूची टाकी गळली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले, तेव्हा शहर दोन दिवस गप्प झालं होतं. आमचं दुःख त्या गर्दीतलं एक. पण गर्दीतल्या दुःखाला वेगळाच एकटेपणा असतो. भेटायला येणाऱ्या माणसाची हीच भीती वाटते, आणि त्याला आपली.

मोबाइलवर मात्र सगळे आले. मंडळीतल्या लोकांचे, नातेवाइकांचे, पप्पांच्या जुन्या सहकाऱ्यांचे संदेश. बहुतेकांत शास्त्रातलं एखादं वचन, खाली मेणबत्तीचं नाहीतर कबुतराचं चित्र. देवाची योजना आपल्याला कळत नाही. ते आता अधिक चांगल्या जागी आहेत. प्रभूमध्ये निजले आहेत. मी या भाषेतच वाढलो आहे. आमच्या घरात ख्रिस्ती होऊन चौथी पिढी चालू आहे, आणि असे संदेश मीही इतरांना वर्षानुवर्षं पाठवले आहेत. तरी त्या दिवसांत ते वाचताना मला कळेना, की या शब्दांत चूक काहीच नसताना ते माझ्यापर्यंत पोचत का नाहीत.

त्याच महिन्यात पप्पांच्या कपाटातून मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढली. मलपृष्ठ गेलेली, शिवण सुटलेली प्रत. लहानपणी नाताळच्या सुट्टीत पप्पा त्यातली पहिली पानं मोठ्याने वाचून दाखवायचे. लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले आणि त्यांचं सोवळं. बाजारातून येणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट धुऊन घरात यायची, घरच्या बायकांचा जीव त्या धुण्याने मेटाकुटीला यायचा, आणि हे सगळं लक्ष्मीबाई इतक्या मिस्कीलपणे सांगतात की आम्ही पोरं हसून लोळायचो. या वेळी मी ती पानं वाचली आणि हसू आलं नाही. स्वयंपाकघरात आई मिठाच्या पाण्यातून कोथिंबीर काढत होती.

हे टिपण त्या वाचनातून आलं आहे. ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकाबद्दल आपण मराठीत जे बोलत आलो आहोत त्यात एक मोठी फट आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

पुस्तक सगळ्यांच्या परिचयाचं आहे. 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मलेली मनकर्णिका गोखले, लहानपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली. टिळक कवी, लहरी, उदार, घरात टिकून न राहणारे. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलासह मागे राहिल्या, काही वर्षांनी पुन्हा त्यांच्याकडे गेल्या, आणि 1900 साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. 1919मध्ये टिळक वारले. मुलाला, देवदत्ताला, वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी हव्या होत्या, म्हणून आईने लिहायला घेतलं. जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडलेल्या बाईने लिहिलेलं हे पुस्तक 1934पासून भागाभागाने आलं आणि मराठी गद्याचा एक मानदंड होऊन बसलं. शेवटच्या भागाचं काम चालू असतानाच, फेब्रुवारी 1936मध्ये, नाशिकलाच त्या गेल्या. उरलेलं देवदत्तांनी पुरं केलं.

या पुस्तकाचं वाचन दोन घरांत दोन तऱ्हेने होतं. बाहेरच्या मराठी घरात ते एका साध्याभोळ्या, हजरजबाबी बाईचं संसारचित्र असतं. शाळेतल्या उताऱ्यांनी तीच लक्ष्मीबाई आपल्याला दिली. धर्मांतर ही त्यात कथानकाला वळण देणारी घटना, जशी एखाद्या कादंबरीत आगगाडीचा अपघात. तो होऊन गेला की पुन्हा विनोद सुरू. आमच्या घरात, म्हणजे मंडळीत, तेच पुस्तक साक्ष म्हणून वाचलं जातं: अंधारात होती, प्रकाशात आली. पहिल्या वाचनात श्रद्धा गळते, दुसऱ्यात दुःख. दोन्ही वाचनांत पुस्तकाची सुरुवात कशाने होते याकडे दुर्लक्ष होतं.

सुरुवात फाशीने होते. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना 1857च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर त्यांचे जावई, म्हणजे नाना, सोवळ्याच्या नादी लागले. लक्ष्मीबाई हे दोन्ही एकाच दमात सांगतात. आपण फाशी ओलांडून धुण्याकडे येतो, कारण धुणं गमतीचं आहे. पण त्यांनी ते तसं शेजारीशेजारी ठेवलं आहे. नानांचं सोवळं ही नुसती कर्मठ ब्राह्मणाची खोड राहत नाही. जगातलं काहीतरी भयंकर घरात शिरलं, ते थांबवता आलं नाही, आणि मग एक माणूस पुढची सगळी वर्षं घरात येणारी प्रत्येक वस्तू धूत बसला. त्याला आपण आज कदाचित डॉक्टरकडे नेलं असतं. मला एवढंच म्हणायचं आहे की हे पुस्तक दुःखावरच्या एका उपायाने सुरू होतं, आणि तो उपाय घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बायकांना, नवं दुःख देतो.

लक्ष्मीबाई या घरात वाढल्या. शिवाशिवीचं भय त्यांच्या अंगात भाषेसारखं मुरलं होतं. म्हणून 1895ची बातमी त्यांच्यावर जशी कोसळली ती नुसती ‘नवऱ्याने धर्म बदलला’ एवढी नव्हती. ज्या माणसाला शिवून त्या जगत होत्या तो माणूसच अस्पर्श झाला. त्यानंतरची वर्षं, पंढरपूरला नातलगांच्या आश्रयाला काढलेले दिवस, लोकांच्या नजरा, मुलाला कुणी हिरावून नेईल ही धास्ती, हे सगळं पुस्तकातलं सर्वांत गडद दालन आहे. याआधी त्यांची मुलंही गेली होती. या काळात त्या कविता करू लागल्या. आणि इथे आमच्या मंडळीतल्या वाचकांना एक अडचणीची गोष्ट मान्य करावी लागते: या बाईच्या आयुष्यातलं मोठ्यातलं मोठं दुःख ख्रिस्ती श्रद्धेनेच आणलं होतं. टिळकांना जिथे शांती मिळाली तिथूनच लक्ष्मीबाईंचा वनवास सुरू झाला. श्रद्धा आशा देते, सांत्वन देते, हे आम्ही व्यासपीठावरून सांगतो तेव्हा त्याची किंमत कधी कधी दुसरंच कुणीतरी मोजत असतं, हे सांगत नाही.

टिळकांचा मी भक्त आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशा अर्थाचं ते म्हणत, आणि त्यांच्या अभंगांनी मराठी ख्रिस्ती माणसाला रडायची स्वतःची भाषा दिली. आमच्या प्रत्येक दफनविधीत त्यांचं काहीतरी गायलं जातं. पण ‘स्मृतिचित्रे’तले टिळक आपल्या बायकोला शब्दांनी पटवू शकले नाहीत. त्यांनी पत्रं लिहिली, समजावलं, वाद घातले. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या त्या नवऱ्याकडे आल्या, त्याच्या देवाकडे नव्हे. नगर जिल्ह्यात आल्यावरही त्यांनी आपलं खाणंपिणं वेगळं ठेवलं. नवरा घरात, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. हा संसार किती विचित्र असेल याची कल्पना करा, आणि तरी त्यातही बाई विनोद सोडत नाही.

बदल झाला राहुरीला. कुणाच्या प्रवचनाने नाही. एकदा त्या विचार करत बसल्या: जनावरांच्या जाती देवाने केल्या, त्या डोळ्यांना दिसतात, माणसांच्या जाती तशा कुठे दिसतात? मग त्या देवाने केलेल्या नसणार. विचार तिथे पोचला आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. साक्षीच्या नेहमीच्या साच्यात आधी अंतःकरण बदलतं, मग वागणूक. इथे आधी ताट बदललं. देव नंतर आला, त्याच ताटावर.

आणि तो काळ कोणता? 1899-1900चा दुष्काळ. नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला होता. पंडिता रमाबाई केडगावला दुष्काळातल्या मुली गोळा करत होत्या, मिशनांकडे अनाथ मुलांची रीघ लागली होती. टिळकांच्या घरातही परकी पोरं येऊन राहू लागली. अशा वेळी ‘कुणाच्या हातचं खायचं’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा उरत नाही. ज्या बाईच्या वडिलांनी एका मृत्यूनंतर जगाला दाराबाहेर उभं केलं, तिने हजारो मृत्यूंच्या वर्षात दार उघडलं. हे मी म्हणतो आहे, त्या असं कुठे म्हणत नाहीत. लक्ष्मीबाई आपल्या गोष्टीचा अर्थ सांगायला थांबत नाहीत. त्या पुढच्या गोष्टीकडे जातात.

पुढच्या गोष्टींत प्लेग आहे. नगरला प्लेगच्या छावणीत त्या रुग्णांची शुश्रूषा करायला राहिल्या. मी हा भाग 2021च्या मे महिन्यात वाचला, त्यामुळे माझ्याकडून तटस्थ समीक्षेची अपेक्षा कुणी करू नये. रोग्याला हात लावायला घरचे लोक धजत नाहीत, मेलेल्याला उचलायला माणूस मिळत नाही, आणि नाना गोखल्यांची मुलगी, जिच्या बालपणात बाजारातली वस्तूसुद्धा न धुता घरात येत नव्हती, ती तिथे लोकांचं अंग पुसते आहे. या प्रकरणात धर्माची भाषा फारशी नाही. देवाची योजना वगैरे काही नाही. प्लेग का आला याचं उत्तर शोधण्याचा प्रयत्नही नाही. मला वाटतं पुस्तकातलं सर्वांत ख्रिस्ती प्रकरण हेच आहे.

शुभवर्तमानांत येशू कुष्ठरोग्याला बरं करतो ती गोष्ट आम्ही रविवारच्या शाळेत शिकलो. आम्हाला शिकवलं गेलं चमत्काराबद्दल. येशू नुसत्या शब्दानेही बरं करतो, हे त्याच पुस्तकांत दुसरीकडे आहे, लांबूनसुद्धा. या माणसापुढे मात्र तो हात पुढे करतो. बरा करण्यासाठी स्पर्शाची गरज नव्हती. गरज वेगळी होती: त्या माणसाला कितीतरी वर्षांत कुणी शिवलं नव्हतं. ईयोबाच्या मित्रांचंही तसंच. ते येतात, त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, सात दिवस एक शब्द बोलत नाहीत. तोवर ते उत्तम मित्र असतात. आठव्या दिवशी ते दुःखाचं कारण समजावायला लागतात आणि तिथून पुस्तक त्यांच्या विरोधात जातं.

लक्ष्मीबाईंचा विनोद मला याच दिशेने वाचावासा वाटतो. तो भोळेपणा नाही. तो दुःख झाकण्याची युक्तीही आहे असं काहींना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. टिळकांनी त्यांच्यावर जे अन्याय केले, न सांगता निघून जाणं, घरातलं किडूकमिडूक देऊन टाकणं, सगळे निर्णय एकट्याने घेणं, त्यांवर त्या इतक्या लवकर हसतात की आजच्या वाचकाला चीड यावी. मलाही येते. काही ठिकाणी ही बाई नवऱ्याला माफ करण्याची इतकी घाई करते की राग लिहायचाच राहून जातो, आणि पुस्तक तिथे पातळ होतं. पण बहुतेक ठिकाणी तिचा विनोद माणसाला जवळ ओढतो. ती ज्यावर हसते त्याच्या शेजारी बसून हसते. नानांवर, टिळकांवर, सर्वांत जास्त स्वतःवर. सोवळ्याच्या अगदी उलट वृत्ती आहे ही: कशालाही दूर न ठेवण्याची.

उत्तरार्धाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या मनात श्रद्धेचं काय झालं हे पुस्तक फार कमी सांगतं. 1918मध्ये बालकवी गेले. टिळकांच्या घरात लेकरासारखा राहून गेलेला मुलगा, रेल्वेच्या रुळांवर, ऐन अठ्ठाविशीत. वर्षभरात टिळक गेले. या दोन मृत्यूंमधल्या बाईने रात्री काय प्रार्थना केली, केली की नाही, हे मला जाणून घ्यायचं होतं. 2021मध्ये तर फारच. ते पुस्तकात सापडत नाही. सापडतं ते वेगळं: टिळकांनी अर्धवट टाकलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतलं आणि पुरं केलं. टिळकांची काही प्रकरणं झाली होती, बाकीचा डोंगर लक्ष्मीबाईंचा. नवरा गेलेली, शुद्धलेखनाशी पटत नसलेली म्हातारी ओव्या रचत बसते, आणि ज्या येशूने तिचा संसार एकदा मोडला होता त्याचंच चरित्र पुरं करते. त्यातली कविता मला सगळी आवडते असं नाही. लांबण आहे. पण काम म्हणून त्याकडे पाहिलं की गप्प व्हायला होतं. मेलेल्या माणसाचं अपुरं राहिलेलं काम हातात घेणं, हाही त्याला शिवण्याचाच एक मार्ग असावा.

मी राहतो त्या भागाला शरणपूर म्हणतात. कॅनडा कॉर्नरला कपडे घ्यायला येणाऱ्या गर्दीला त्या नावाचा अर्थ आठवत नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनऱ्यांनी वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे शिकायला ठेवली होती, त्यांतला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेतून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि 1874मध्ये लंडनला दफनाच्या वेळी हजर होता. मृत माणसाला सोडून न येणारे हे लोक. पप्पांना ही गोष्ट फार आवडायची. त्यांच्या दफनाला आम्ही दोघं लांब उभे होतो तेव्हा मला वेनराइट आठवला होता, आणि लाज वाटली होती. नियम होता, मान्य. लाज नियम बघत नाही.

आईचा विलगीकरणाचा काळ संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्या आमच्या मंडळीतल्या नाहीत. दर सोमवारी गंगेवर कपालेश्वराला जाणाऱ्या. मोबाइलवर त्यांनी काही पाठवलं नव्हतं, त्यांना ते जमतही नाही. चपला बाहेर काढल्या, आत आल्या, आईच्या मागे पलंगावर बसल्या आणि तिचे केस विंचरायला लागल्या. सतरा दिवस आईचे केस विंचरले गेले नव्हते. गुंता होता. कुणी काही बोललं नाही. मध्येच आई रडायला लागली, काकूंनी फणी थांबवली, मग पुन्हा सुरू केली. मी स्वयंपाकघरात उभा राहून चहाचं आधण दोनदा उकळू दिलं.

संदेश पाठवणाऱ्यांवर माझा राग आता राहिलेला नाही. त्यांना येता येत नव्हतं. वचनं ही त्यांची लांबून केलेली हाक होती, आणि पुढे काही महिन्यांनी त्यांतली दोन-तीन वचनं मला उपयोगीही पडली, जेव्हा पाळक घरी आले आणि तीच वचनं आमच्या बैठकीत, आईचा हात हातात घेऊन, त्यांनी वाचली. शब्द तेच होते. म्हणून मला वाटतं, लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातून ‘ख्रिस्ती आशा’ शोधणाऱ्याने तिथे विधानं शोधू नयेत. तिथे कोण कुणाच्या हातचं जेवलं, कुणाच्या उशाशी कोण बसलं, कुणाचं पोर कुणाच्या घरात वाढलं, हे बघावं. आणि धर्मांतराचा भाग ओलांडून विनोदाकडे जाणाऱ्या वाचकानेही हेच बघावं. तो विनोद ज्या मोकळ्या हातांनी लिहिला आहे ते हात मोकळे कसे झाले, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

गेल्या नाताळात आईने ती प्रत मागितली. चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे तिला वाचवत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायला बसलो, पप्पांसारखा, पहिल्या पानापासून. आजोबांच्या फाशीचा मजकूर आला. आईने हात वर करून मला थांबवलं.

“हे यात होतं?” ती म्हणाली. “तुझे पप्पा हे कधी वाचत नसत. ते एकदम धुण्यापासून सुरू करायचे.”

मग म्हणाली, “वाच. सगळं वाच.”